अली विरुद्ध मार्सियानो, १९७० : कधीच न झालेल्या लढतीचा निकाल

२० जानेवारी १९७० च्या रात्री अमेरिका आणि कॅनडातल्या शेकडो थिएटरांत लोकांनी तिकीट काढून मुष्टियुद्धाची एक हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड वजनी गटातली, लढत पाहिली. एका कोपऱ्यात रॉकी मार्सियानो : ४९ लढती, ४९ विजय. दुसऱ्या कोपऱ्यात मुहम्मद अली : २९ लढती, २९ विजय. तेराव्या फेरीत मार्सियानोनं अलीला लोळवलं आणि दहा आकडे मोजून झाले. मार्सियानो तेव्हा हयातही नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ च्या रात्री आयोवातल्या न्यूटन गावाजवळ छोटं विमान कोसळून तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा ४६ वा वाढदिवस होता.

लढत अर्थातच लुटुपुटूची होती आणि निकाल संगणकाचा. पण वेगवेगळ्या काळातल्या मुष्टियोद्ध्यांची तुलना करताना आपण नेमकं काय करतो आणि कुठे फसतो, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला तरी माहीत नाही.

मरे वोरोनर हा मायामीचा रेडिओ निर्माता. १९६७ मध्ये त्याच्या डोक्यात आलं की सगळ्या काळातले हेवीवेट विजेते एकमेकांसमोर उभे केले तर? त्यानं सुमारे २५० क्रीडापत्रकार आणि जाणकारांना प्रश्नावली पाठवली. कोणाला घ्यायचं ते त्यातून ठरलं. मग प्रत्येकाच्या उमेदीच्या काळातल्या लढतींचे तपशील, त्याची बलस्थानं, कच्चे दुवे आणि लढण्याची ढब हे सगळं सूत्रांत बसवून एनसीआर ३१५ नावाच्या संगणकाला भरवलं गेलं. या यंत्राची स्मृती होती २० के. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्राला याहून जास्त जागा लागते. यंत्रातून बाहेर पडायची ती कोणी कोणाला कधी मारलं याची सांकेतिक यादी, आणि तिच्यावरून रेडिओवर समालोचनासकट लढत रंगायची. बोलाचीच कढी, पण श्रोते भुरके मारत ऐकायचे.

या रेडिओ स्पर्धेच्या अंतिम फेरीत मार्सियानोनं जॅक डेम्प्सीला हरवलं आणि वोरोनरनं खऱ्या मार्सियानोला सोन्याचा पट्टा दिला. अली मात्र उपांत्यपूर्व फेरीतच गारद झाला होता, तोही जिम जेफ्रीजकडून, गुणांवर. जेफ्रीज हा १८९९ ते १९०५ या काळातला विजेता.

अलीच्या बाजूनं बघा. एप्रिल १९६७ मध्ये त्यानं व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला होता. किताब काढून घेतला गेला, परवाने रद्द झाले. ऐन पंचविशीत, शरीर सगळ्यात तयार असताना, तो घरी बसला होता. रिंगमध्ये ज्याला कोणी हरवलं नव्हतं त्याला अधिकाऱ्यांनी कागदावर हरवलं आणि वर आता यंत्रानंही. त्यानं वोरोनरवर १० लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. वोरोनरही पक्का धंदेवाईक. त्यानं दावा मिटवताना अलीला सुमारे १० हजार डॉलर आणि नफ्यात वाटा देऊ केला, आणि बदल्यात मार्सियानोबरोबरच्या लढतीच्या चित्रीकरणाला होकार घेतला. मार्सियानोशीही तसाच करार झाला. कमाई बंद असलेल्या अलीला नाही म्हणणं परवडण्यासारखं नव्हतं.

चित्रीकरण १९६९ मध्ये मायामीच्या स्टुडिओत झालं. मार्सियानो ४५ वर्षांचा, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. त्यानं जवळजवळ ५० पाउंड, म्हणजे २२-२३ किलो वजन उतरवलं आणि टकलावर टोप चढवला. अली २७ चा, पण दोन वर्षांच्या सक्तीच्या सुट्टीनं थोडा सुटलेला. अलीचा गुरू अँजेलो डंडी त्याच्या कोपऱ्यात आणि अँजेलोचा भाऊ ख्रिस रेफरी. दोघांनी सत्तरेक फेऱ्या खेळून दाखवल्या, बहुतेक ठोसे हात राखून. शेवट निरनिराळे घेऊन ठेवले. पुढे यंत्राच्या यादीबरहुकूम तुकडे जोडले गेले. निकाल दोघांनाही सांगितला नव्हता. मार्सियानोला तो कधी कळलाच नाही.

आता खरी गंमत. अमेरिका आणि कॅनडात दाखवलेल्या चित्रपटात मार्सियानो तेराव्या फेरीत नॉकआउटनं जिंकतो. युरोपात गेलेल्या प्रतीत मार्सियानोच्या चेहऱ्यावरच्या जखमांमुळे लढत थांबते आणि अली जिंकतो. यंत्र तेच, माहिती तीच, निकाल मात्र अटलांटिक ओलांडला की उलटा. अली म्हणाला होता की हा संगणक अलाबामात बनलेला दिसतो. वर्णद्वेषासाठी बदनाम असलेल्या त्या राज्याचं नाव घेऊन त्यानं एका वाक्यात जे सांगितलं, ते सांगायला मला बराच मजकूर लागणार आहे.

पेरलं तेच उगवलं

यंत्र निःपक्षपाती असतं, हा वोरोनरच्या जाहिरातीचा गाभा होता. पण जेफ्रीजनं अलीला हरवलं हे यंत्राला कुठून कळलं? १९६७ चे जाणकार म्हणवले जाणारे लोक जुन्या पठडीतले होते. ‘द रिंग’ मासिकाचे संस्थापक नॅट फ्लायशर हे त्या काळी या विषयातले शेवटचा शब्द मानले जात. १९५८ ची त्यांची सर्वकालीन हेवीवेट यादी बघा : पहिला जॅक जॉन्सन, दुसरा जेफ्रीज, तिसरा बॉब फिट्झसिमन्स, चौथा डेम्प्सी, पाचवा जेम्स कॉर्बेट. जो लुई सहावा आणि मार्सियानो थेट दहावा. पहिले पाचही जण १९३० च्या आतले. फ्लायशर १८८७ मध्ये जन्मले. म्हणजे त्यांच्या यादीत सगळ्यात वर कोण, तर ते लहान आणि तरुण असताना ज्यांची नावं त्यांच्या कानावर पडत होती ते. पुढे अलीलाही त्यांनी पहिल्या दहांत जागा दिली नाही.

मला यात लबाडी दिसत नाही. आपल्या विशीत पाहिलेला खेळाडू कायम उंच दिसतो, हे कोणत्याही कट्ट्यावर बसलं तरी कळतं. पण अशा मनांतून निघालेली मतं आकड्यांत बदलली आणि यंत्रात घातली की बाहेर येताना त्यांना विज्ञानाचा टिळा लागलेला असतो. जेफ्रीजच्या काळातलं चित्रीकरण हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावरचं. पुढच्या काळातल्या यंत्रांवर ते वेगळ्या वेगानं फिरलं की माणसं माकडउड्या मारताना दिसतात. ज्यांनी जेफ्रीजला पाहिलं होतं ते त्याला देव मानत, आणि ज्यांनी फक्त ती रिळं पाहिली ते हसत. दोन्ही पुरावे कच्चेच. हॅरी ग्रेबचं तर याहून वाईट : सुमारे ३०० लढती खेळलेल्या, पुढे हेवीवेट विजेता झालेल्या जीन टनीला व्यावसायिक कारकिर्दीतला एकमेव पराभव दाखवणाऱ्या या माणसाच्या एकाही लढतीचं चित्रीकरण आज उपलब्ध नाही. तरी तो प्रत्येक जाणत्या यादीत वर असतो, तो वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर.

फिलाडेल्फियाची तेरावी फेरी

संगणकानं नॉकआउटला तेरावी फेरीच का निवडली असेल? माझा अंदाज साधा आहे. मार्सियानोच्या आयुष्यातला सगळ्यात प्रसिद्ध ठोसा तेराव्या फेरीतला आहे.

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. समोर विजेता जर्सी जो वॉल्कॉट, वय ३८. पहिल्याच फेरीत वॉल्कॉटच्या डाव्या हुकनं, म्हणजे बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं, मार्सियानो खाली बसला, कारकिर्दीत पहिल्यांदाच. पुढच्या अकरा फेऱ्या वॉल्कॉट त्याला नाचवत होता. तेरावी सुरू झाली तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर वॉल्कॉट पुढे होता. मग दोराजवळ दोघांचे उजवे हात एकदमच निघाले. मार्सियानोचा आधी पोहोचला. फार लांबून आलेला नव्हता, जेमतेम वीतभर. वॉल्कॉटचं डोकं वळलं, गुडघे सुटले, आणि डावा हात मधल्या दोरावर अडकलेल्या अवस्थेत तो हळूहळू खाली घसरत गेला.

हा प्रसंग तपशिलात सांगण्याचं कारण वेगळं आहे. किताबाच्या लढती तेव्हा १५ फेऱ्यांच्या असत. १९८२ मध्ये रे मॅन्सिनीबरोबरच्या लढतीनंतर कोरियाचा किम दुक-कू मरण पावला, आणि तेव्हापासून संघटनांनी एकेक करत १२ फेऱ्यांवर यायला सुरुवात केली. आजच्या नियमानं फिलाडेल्फियाची लढत बाराव्या फेरीलाच संपली असती. मार्सियानो गुणांवर हरला असता आणि ‘४९-०’ हा आकडा जन्मालाच आला नसता. १९८१ मध्ये टॉमी हर्न्सला चौदाव्या फेरीत थांबवणाऱ्या शुगर रे लेनर्डचंही तेच झालं असतं, तोही गुणांत मागेच होता.

याचा अर्थ मार्सियानोचा विजय नशिबाचा, असा अजिबात नाही. तो पंधरा फेऱ्यांसाठीच तयार झालेला होता. मैलोन्‌मैल धावून कमावलेला दम आणि शेवटच्या फेऱ्यांतही न ओसरणारी ताकद, हेच त्याचं भांडवल होतं. पंधराची शर्यत असताना बाराव्या फेरीपर्यंत मागे राहणं त्याला परवडत होतं. पण त्या काळच्या खेळाडूला आजच्या नियमात किंवा आजच्याला त्या नियमात नेऊन बसवायचं, तर आकडे सोबत नेता येत नाहीत. यंत्रात घालताना मात्र ते सोबत नेले जातात.

अंगकाठीचाही प्रश्न आहे. मार्सियानो जेमतेम ५ फूट १० इंच, लढतीचं वजन साधारण १८५ पाउंड. आजच्या हिशेबात तो हेवीवेट नाहीच. २०० पाउंडांची मर्यादा असलेल्या क्रूझरवेट गटात तो आरामात बसतो, आणि त्याच्या काळी असा गट नव्हता. अली ६ फूट ३ इंच, १९६७ च्या सुमारास २१० पाउंडांच्या आसपास, आणि त्याच्या हातांचा पल्ला मार्सियानोपेक्षा सुमारे १० इंचांनी जास्त. ‘आकार म्हणजे सगळं’ म्हणणाऱ्यांना ओलेक्सांडर उसिकचं उदाहरण द्यावंसं वाटतं. क्रूझरवेटमधून आलेल्या उसिकनं २०२४ मध्ये ६ फूट ९ इंचांच्या टायसन फ्यूरीला दोनदा हरवलं. पण उसिक स्वतः ६ फूट ३ इंच आहे, तेव्हा हे उदाहरण मार्सियानोच्या फारसं कामाला येत नाही.

समोर कोण होतं?

यादी लावणारे बहुतेक लोक शेवटी इथेच येतात. मार्सियानोच्या मोठ्या विजयांची नावं भारदस्त आहेत, वयं मात्र अडचणीची. १९५१ मध्ये त्यानं जो लुईला आठव्या फेरीत दोरांमधून बाहेर पाडलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा, आयकराच्या देण्यापायी पुन्हा रिंगमध्ये उतरलेला थकलेला माणूस होता. वॉल्कॉट ३८. १९५५ च्या शेवटच्या लढतीतला आर्ची मूर ३८ चा की ४१ चा, यावर तर मूर आणि त्याची आई यांचंच एकमत नव्हतं. आई म्हणायची जन्म १९१३ चा, हा म्हणायचा १९१६ चा. मूर त्यावर सांगायचा की आई तिथे हजर होती म्हणजे तिचंच खरं असणार, तेव्हा आपण जन्मलो तेव्हाच तीन वर्षांचे असू. गंमत बाजूला ठेवली तरी चाळिशीकडे झुकलेल्या मूरनं दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडलं होतं.

पण हीच फूटपट्टी अलीला लावा. १४ नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सविरुद्ध अली जसा लढला, तसा हेवीवेट आजवर कोणी लढलेला नाही, असं सांगणारे पुष्कळ आहेत. मीही कित्येकदा ते चित्रीकरण बघतो. मागे सरकता सरकता मारलेले ठोसे, पायांची ती करामत, तिसऱ्या फेरीत खेळ खलास. मात्र विल्यम्सला १९६४ मध्ये एका पोलिसाची गोळी लागली होती आणि त्यात त्याचं एक मूत्रपिंड गेलं होतं. अलीच्या सर्वोत्तम कामगिरीसमोर उभा असलेला माणूस धड नव्हता, हे चाहते सहसा सांगत नाहीत.

त्याच्याही मागे गेलं तर पाणी आणखी गढूळ होतं. जॅक जॉन्सन स्वतः कृष्णवर्णीय. विजेता झाल्यावर त्यानं आपल्यासारख्याच कृष्णवर्णीय सॅम लँगफर्डला संधी दिली नाही. गोरा डेम्प्सी आणि कृष्णवर्णीय हॅरी विल्स यांची लढत वर्षानुवर्षं फक्त चर्चेतच राहिली. लँगफर्डला जागतिक हेवीवेट किताबासाठी लढायला कधीच मिळालं नाही. ‘आपल्या काळावर राज्य केलं’ हा निकष लावताना, त्या काळातल्या सर्वांत धोकादायक माणसांना दाराबाहेर ठेवलं होतं हे विसरून चालत नाही. १९७० च्या चित्रपटालाही हे लागू आहे. सैन्यात जायला नकार देणारा काळा मुस्लिम विजेता आणि त्याच्यासमोर मृत, अपराजित, इटालियन वंशाचा गोरा नायक. अमेरिकेतल्या तिकीटबारीवर कुठला शेवट जास्त चालेल, हे सांगायला २० के स्मृतीही लागत नाही.

पाच पराभवांनंतर पहिला

या प्रकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग चित्रपट संपल्यानंतर घडला.

जानेवारी १९७० मध्ये अलीच्या नावापुढे शून्य पराभव होते आणि जाणकारांच्या लेखी तो मार्सियानो, डेम्प्सी, अगदी जेफ्रीजच्याही मागे होता. ऑक्टोबर १९७० मध्ये तो परत आला. मार्च १९७१ मध्ये जो फ्रेझरनं त्याला हरवलं. मार्च १९७३ मध्ये केन नॉर्टननं हरवलं, जबडाही मोडला. उतारवयात लिऑन स्पिंक्स, लॅरी होम्स आणि ट्रेव्हर बर्बिक यांच्याकडूनही तो हरला. शेवटचा आकडा : ६१ लढती, ५ पराभव. आणि ‘द रिंग’नं १९९८ मध्ये हेवीवेटची सर्वकालीन यादी काढली तेव्हा पहिलं नाव अलीचं होतं.

नुसत्या शून्यावर भाळणाऱ्यांनी हे कसं समजावून सांगावं? पराभव वाढले आणि माणूस वर गेला. कारण मधल्या काळात त्यानं दोनदा फ्रेझरला आणि दोनदा नॉर्टनला हरवलं होतं, आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला. फोरमन तेव्हा २५ वर्षांचा, ४० लढती अपराजित. तो म्हातारा नव्हता, जखमी नव्हता, किताबासाठी थांबवून ठेवलेला नव्हता. मार्सियानोच्या नोंदीत या एका विजयाच्या तोडीचं काही नाही. यात त्याचा दोष नाही, त्याला असा फोरमन भेटलाच नाही. पण यादी लावताना भेटलेलंच धरावं लागतं.

शून्य टिकणं हे कधी थांबलात यावरही असतं. मार्सियानो १९५६ मध्ये ३२ व्या वर्षी थांबला. अली १९६७ मध्ये कायमचा थांबला असता तर तोही २९-० राहिला असता, आणि आपण आज त्याला ‘काय झालं असतं’ वाल्या कप्प्यात ठेवलं असतं. लॅरी होम्स ४८-० वर होता, एका लढतीनं हुकला. फ्लॉइड मेवेदरनं २०१७ मध्ये पन्नासावा विजय मिळवून मार्सियानोचा आकडा ओलांडला, तो व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पहिल्यांदाच उतरलेल्या कॉनर मॅकग्रेगरला हरवून. त्या पन्नासाव्यानं मेवेदर एक इंचही मोठा झाला असं मला वाटत नाही. त्याची मोठाई आधीच्या लढतींत आहे.

आजही संगणकी क्रमवाऱ्या आहेतच. बॉक्सरेकसारखं संकेतस्थळ सूत्रानं गुण देतं, आणि सूत्र बदललं की नावं वरखाली होतात. निदान तिथे सूत्र आहे हे लपवत नाहीत.

मग १९६७ च्या मार्चमधला अली आणि १९५२ च्या सप्टेंबरमधला मार्सियानो समोरासमोर आले तर? माझं मत युरोपात दाखवलेल्या शेवटाच्या बाजूनं आहे. मार्सियानोची कातडी लवकर फाटायची. सप्टेंबर १९५४ मध्ये माजी विजेता एझर्ड चार्ल्सनं त्याचं नाक असं चिरलं होतं की लढत थांबण्याआधी त्याला घाईनं आठव्या फेरीत चार्ल्सला संपवावं लागलं. अलीचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट ठोसा, त्या चेहऱ्यावर दहा फेऱ्या पडत राहिला तर डॉक्टर मध्ये येणारच. यादीत मी अलीला पहिला, २५ वेळा किताब राखणाऱ्या जो लुईला दुसरा आणि मार्सियानोला पाचव्या ते सातव्याच्या दरम्यान ठेवतो.

तरी मार्सियानोवाल्यांचा एक मुद्दा मला पुरता खोडता येत नाही. चित्रपटानंतर १४ महिन्यांनी, ८ मार्च १९७१ ला, अलीच्या समोर एक बुटका माणूस आला. तोही अपराजित, तोही तीन ठोसे खाऊन एक मारणारा, एकही पाऊल मागे न घेणारा. पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकनं अलीला पाठीवर पाडलं, आणि निकाल तिन्ही गुणपत्रिकांवर त्याच्या बाजूनं लागला. फ्रेझर मार्सियानोपेक्षा साधारण २० पाउंडांनी जड होता आणि समोरचा अली साडेतीन वर्षं वाया गेलेला होता, ही माझी दोन उत्तरं. मार्सियानोवाले ती ऐकून घेतात आणि विचारतात, बरं, मग अली पडला का नाही?